दरडोई वीस किलो

युरोपला जाऊन आलेली माणसे काही काळ असह्य होतात, परंतु तो ज्वर चार महिन्यांत उतरतो. युरोपला जायचे ठरवून बसलेला आणि ते कमीत कमी खर्चात कसे तडीस न्यावे या विवंचनेत वर्षानुवर्षे गढलेला गृहस्थ ज्याच्या शेजारी राहतो, त्याला मात्र असा उतार कधी लाभत नाही. हा गृहस्थ तुमच्याही आळीत आहेच, तेव्हा त्याची रीतसर ओळख करून देण्यात जागा दवडत नाही. साजगावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, आणि जमाबंदीला मुकलेली त्यांची बुद्धी दुसरे कोणतेही क्षेत्र मोकळे न सापडल्यामुळे युरोप खंडावर उतरली.

खोपोलीहून कर्जतला जाणारी गाडी गाठायची म्हणून घाईने निघालेला मनुष्य त्यांना फाटकातूनच दिसतो. या मार्गावरची एक गाडी चुकली म्हणजे काय होते हे इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि भाऊसाहेब तर जन्माने इकडचे, तरीही माझ्या पिशवीचा बंद हाती धरून ते म्हणतात, "लक्झेंबर्गचे कळले का? मार्च २०२० पासून सबंध देशात आगगाडी, ट्राम, बस, सगळे फुकट. दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही!" मी म्हणतो, उत्तम. "नुसते उत्तम काय? लॉजचे भाडे कशाला भरा? रात्री गाडीतच झोपायचे." या टोकाहून त्या टोकाला गाडी किती वेळात पोचते, अशी मी पृच्छा करताच त्यांची मुद्रा खिन्न होते, निद्रा पुरी होण्याच्या आत जो देश संपतो त्याच्या औदार्याचा प्रवाशाला उपयोग काय, असा विषाद ते प्रकट करीत असतानाच लौजीकडे निघालेल्या माझ्या गाडीचा भोंगा आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू येतो.

त्यांच्या सर्व संकल्पांचे दफ्तर म्हणजे लाल कापडी बांधणीची एक चोपडी. तीत बाब, तपशील, अंदाज आणि शेरा असे चार रकाने आखलेले असून, युरोपातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांचा निकाल शेवटच्या रकान्यात लागलेला आहे. व्हेनिसने २०२४ साली ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंची पट्टी बसविली, परंतु ती सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्या वेळेपुरतीच. सबब शेरा : 'चारनंतर शिरावे.' रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे दोन हजारांहून अधिक नळ अखंड वाहतात : 'पाणी : तरतूद नको.' इटलीत काउंटरशी उभ्याने कॉफी प्यायली तर एक दर आणि टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा, सबब : 'बसू नये.' स्वित्झर्लंडातील युंगफ्राउच्या कुशीत ३,४५४ मीटर उंचीवर नेणाऱ्या आगगाडीचा दर त्यांनी एकदा काढला, दोनदा तपासला, आणि मग जो शेरा मारला तो वाचून आमच्या भागाविषयीचा माझा आदर द्विगुणित झाला : 'नामंजूर. ती गाडी १९१२ ची, आपली माथेरानची १९०७ ची. आपल्याहून धाकटीला एवढे पैसे का द्यावे?'

शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले आणि तशाही स्थितीत गंगेची कावड घेऊन घरी परतले, ही हकीकत वाचून इतरांचा ऊर भरून येतो. भाऊसाहेबांचे मत निराळे आहे. "अंदाजपत्रकाशिवाय निघाले, दुसरे काय व्हायचे?"

सरकारी फीविषयी मात्र त्यांच्या मनात भक्ती आहे. शेंगेन देशांच्या प्रवेशपरवान्याचा आकार पूर्वी साठ युरो होता. तो देऊन टाकण्याचा त्यांचा निर्धार व्हायला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो ऐंशी व्हायला एकच गाठ पडली. वाढीव रकमेची तजवीज करावी तो महिनाभरात जगच बंद झाले. पुढे दारे उघडली, अंदाजपत्रक फेरतपासणीस घेतले गेले, आणि ते पुरे होते न होते तोच जून २०२४ मध्ये नव्वद युरोंचा अंमल सुरू झाला. यावर दुसरा एखादा चिडला असता. भाऊसाहेबांनी, अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही हे कलम मला मोठ्याने वाचून दाखविले आणि चष्मा काढून म्हणाले, "याला म्हणतात राज्य करणे!" तीस हजार युरोंच्या विम्याचीही सक्ती असून, प्रवासी परदेशात मरण पावल्यास त्याचा देह स्वदेशी पोचविण्याचा खर्च त्यात धरलेला असतो, हे उमगले तेव्हा ते बराच वेळ विचारमग्न होते. "परतीचे भाडे वाचवायचा एक मार्ग आहे म्हणायचा," अखेरीस ते म्हणाले, "पण तो आपण शेवटचा ठेवू."

हे सर्व एखादा सोशिक शेजारी सोसून नेईल. बोंबलांचे प्रकरण निराळे.

साजगावाला लागूनच ताकई आहे. कार्तिक वद्य एकादशीला तिथल्या विठोबाची यात्रा भरते, आणि ज्या देवाच्या माळकऱ्यांना मासळीचा गंधही वर्ज्य, त्याच देवाच्या या यात्रेत सुक्या मासळीचे एवढे ढीग लागतात की प्रत्यक्ष पांडुरंगालाच इकडे बोंबल्या विठोबा हे नाव पडले आहे. तुकोबाराय मिरच्या विकायला या बाजूस येत असत, असेही जुनी माणसे सांगतात. अशा भूमीत वाढलेल्या भाऊसाहेबांनी एके रात्री युरोपीय संघाचे जकातीचे नियम चाळले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस नेण्याची बंदी, दूध नेण्याची बंदी, म्हणून तूप गेले, पेढे गेले, चक्का गेला; आणि पुढच्याच कलमात, स्वतःच्या उपभोगासाठी असेल तर मासळी, मग ती वाळवलेली का असेना, दरडोई वीस किलोपर्यंत खुशाल न्यावी, अशी मुभा! दुसऱ्या दिवशी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून ते माझ्या ओटीवर आले. "दरडोई वीस किलो," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांना बसायला पाट द्यावा लागला.

त्या दिवसापासून युरोप हा खंड त्यांच्या लेखी बोंबील खाण्याचे एक विस्तीर्ण ठिकाण झाला. पॅरिसची गोष्ट काढा, वीस किलोंपैकी तिथवर किती उरतील याचा हिशेब निघतो. त्यांनी हेरलेल्या विमानात सामानाची मर्यादा तेवीस किलो होती, तेव्हा उरलेल्या तीन किलोंत दोन सदरे, स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि चोपडी बसविण्याचा प्रयोग त्यांनी ओसरीवर तराजू टांगून करून पाहिला. स्वेटर अंगात घालूनच निघावे, असा ठराव झाला. लग्नाच्या पंगतीत ते अनोळखी व्याह्याला विचारीत, "वाळवलेल्या मासळीला किती मुभा आहे, ठाऊक आहे का?" आणि तो बिचारा मठ्ठ्याची वाटी हातात धरून नकारार्थी मान हलवीत असता, त्याच्या कानाशी लागून ते आकडा सांगत. वहिनींनी एकदा आतूनच बजावले की युरोपात जाऊन चुलीपुढे बसायचे असेल तर आमची इथली चूल बरी, माझ्या वाट्याचे वीसही तुम्हीच न्या. यावर भाऊसाहेब गंभीरपणे उत्तरले, "हक्क हस्तांतरणीय नाही."

मीही त्यांना पुष्कळ हसलो आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु मध्यंतरी आमच्याच भागातील एक सधन दांपत्य एका मंडळीबरोबर सबंध युरोप पाहून आले, त्यांनी कित्येक लाख रुपये मोजले, आणि फ्लॉरेन्स कसे वाटले या माझ्या प्रश्नाला त्यांनी एकमुखाने दिलेले उत्तर असे की तिथे वरणभात फार सुरेख मिळाला. बसमधून उतरावे, छायाचित्र काढावे, प्रसाधनगृह शोधावे, पुन्हा बसमध्ये चढावे : या क्रमाने त्यांनी जी राष्ट्रे ओलांडली त्यांची नावे सांगतानाही त्यांच्यात मतभेद झाला. त्या संध्याकाळी मी आपण होऊन भाऊसाहेबांच्या ओटीवर गेलो.

ते माद्रिदमध्ये होते. प्रादो हे तिथले चित्रसंग्रहालय रोज शेवटचे दोन तास विनामूल्य असते, म्हणजे सोमवार ते शनिवार सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात, ही माहिती त्यांच्यापाशी असणारच. पण दोन तासांत एवढे मोठे संग्रहालय कसे उरकणार, असे मी सहज विचारले, तर ते म्हणाले, "उरकायचे कशाला? एकच चित्र पाहायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच." आणि मग त्यांनी मला वेलाझ्केझचे १६५६ सालचे ते चित्र शब्दांनी दाखविले : मध्यभागी चिमुकली राजकन्या, भोवती दासी, पायाशी कुत्रा, मागच्या आरशात राजा आणि राणी यांची अंधुक प्रतिबिंबे, आणि डावीकडे मोठ्या पटाशी हातात कुंचला धरून उभा स्वतः चित्रकार. "हा नुसता चितारी नव्हता," त्यांचा आवाज खाली आला. "राजाच्या मुक्कामाचा कामदार होता. कमरेला किल्ली दिसते बघा, ती दरबारच्या हुद्द्याची. १६६० साली थोरल्या राजकन्येच्या लग्नासाठी राजाची स्वारी फ्रान्सच्या सरहद्दीवर गेली, तेव्हा वाटेवरच्या उतारूशाळा, मुक्काम, सगळी तरतूद याने केली. परत आला आणि थोड्याच दिवसांत वारला." मग ते काही वेळ चोपडीच्या कडेवरून बोट फिरवीत राहिले. "त्याच्या स्वारीचा हिशेब कुठे पाहायला मिळाला असता तर..."

अव्वल कारकुनाने तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या अव्वल कारकुनासाठी हळहळावे, हे मला अपेक्षित नव्हते. चहा सांगायला ते आत गेले तेव्हा चोपडी माझ्यापुढे उघडीच होती, आणि तिच्या खिशात दोन पारपत्रे होती : एक चालू, दुसरे मुदत संपल्यामुळे कोपरा कातरून परत दिलेले, त्याची छत्तीसच्या छत्तीस पाने कोरी. त्याच पानावर जमेच्या बाजूला 'युरोप खाते' या मथळ्याखाली वर्षावर्षाने साठत गेलेली रक्कम होती, आणि खाली, ज्या शाईने व्हेनिसला चारनंतर शिरायचे ठरले होते त्याच शाईने, एक ओळ : 'चि. पुतणीचे जर्मनीतील शिक्षणाकरिता वर्ग.' तिकडे शिकायला जाणाऱ्याला वर्षभराच्या निर्वाहापोटी ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात, ही रक्कम त्यांनी पुतणीच्या बापाच्या आधी काढली होती. ते बाहेर आले. मी चोपडीकडे पाहिले नाही असे दाखविले, त्यांनीही मी पाहिले नाही असे मानले, आणि चहात साखर थोडी अधिक पडली होती.

पुतणी गेली. तिच्या सामानात कापडाच्या चार घड्यांत बांधलेले दोन किलो सुके बोंबील काकांनी स्वतःच्या हाताने ठेवले होते, आणि त्यांच्याखाली जकातीच्या कलमाची स्वच्छ अक्षरातली नक्कल. विमानतळावर तिला कोणी हटकलेच नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने ते तव्यावर भाजले तेव्हा धुराचा भोंगा वाजून तीन मजल्यांवरची मुले रस्त्यावर आली, त्यांतल्या एका पोर्तुगीज मुलाने पुढे होऊन वाटा मागितला, आणि पुढच्या महिन्यात तिने काकांना हिशेब पाठविला. भाऊसाहेबांनी तो माझ्यादेखत तपासला. टेबलाशी बसून प्यालेल्या दोन कॉफ्यांवर त्यांनी लाल खूण केली, पोर्तुगीज मुलाचा वाटा 'सत्कार खर्च' म्हणून मंजूर केला, आणि तळाशी सही करण्यापूर्वी शेरा लिहिला : 'नेले २ किलो. १८ किलोंचा हक्क बुडाला. सबब पुढील खेपेस वसूल करावा.'