बोटांचं उद्घाटन कसं करणार?

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती, गुलाबी फुगे आणि गुलाबी साडीतल्या प्रमुख पाहुण्या. मंडप सुटला की स्तनाचा कर्करोगही बहुधा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत रजेवर जात असावा.

बदलापूर गावातल्या बाईला तपासणी म्हटलं की परळचं टाटा रुग्णालयच आठवतं. म्हणजे रिक्षाने स्टेशन, मग महिला डब्यात चौथ्या सीटची कड धरून साठेक किलोमीटर. त्यापेक्षा गाठ परवडली. सुरुवातीला ती बहुधा दुखतही नाही.

गंमत अशी, की बायकांपर्यंत आपणच जावं हे टाटानेच करून दाखवलंय. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत 1,51,538 बायकांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं. निष्कर्ष 2021 मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

केंद्राने तर 2016 मध्येच तिशी ते पासष्टीच्या बायकांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायचं ठरवलं. कागदावर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या, कधीतरी तपासणी झालेल्या बायका देशभरात निघाल्या 0.9 टक्के. शंभरात एक अख्खी बाईही भरेना!

अडचण समजण्यासारखी आहे. तपासणीचं यंत्र आलं की फीत कापता येते, कोनशिला बसवता येते. सेविकेच्या बोटांवर कोणाचं नाव कोरणार?

बोटं पोचली नाहीत, तरी घरोघरी जाणाऱ्या आशाताईंच्या फॉर्मात ‘स्तनात गाठ आहे का?’ हा प्रश्न असतो. तो दारातच, सासऱ्यांच्या देखत विचारला, की सून ‘नाही’ म्हणते. झाली टिक, पुढचं घर.