गर्दी टाळून, अर्ध्या बाकावर

प्रस्तुत लेखकाची घरात प्रवासतज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. ती त्याने स्वतःच पसरवली आहे. प्रत्यक्षात घाट लागला की त्याच्या पोटात ढवळतं, परक्या उशीवर त्याला झोप लागत नाही आणि गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी तो फलाटावर घाम पुसत उभा असतो. पण दुसऱ्यांचे प्रवास आखावेत ते त्यानेच. म्हणून म्युनिकच्या भाचीने आपल्या ऑफिसातला एक जर्मन मित्र मामाच्या गळ्यात घातला. पाहुण्याची भारतातली पहिलीच खेप. अट एकच: पर्यटकांची झुंबड असेल तिथे जायचं नाही.

ताजमहाल पहिल्याच फोनला बाद झाला. तो दर शुक्रवारी बंद असतो असं कळल्यावर मात्र पाहुण्याने शुक्रवारबद्दल चौकशी केली.

लेखकाने रत्नागिरी सुचवली. त्याला इतिहासाचा आधार होता. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला जगापासून लांब ठेवायचं ठरल्यावर इंग्रजांनी १८८६ साली त्याला रत्नागिरीतच आणून ठेवलं. १९१० साली राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा तिथेच वारला. एवढी शांतता पाहुण्याला पुरेशी वाटली.

तारखा कळल्या तेव्हा विमानाची तिकिटं निघालेली होती: ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पावसाळ्यात भारतात पर्यटक कमी असतात, असं पाहुण्याच्या मार्गदर्शक पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते खरंही आहे. २०२५ सालची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं.

गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात जातो म्हणजे काय, हे परक्या माणसाला सांगून कळत नाही. रेल्वे जादा गाड्या सोडते, त्याही भरतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि लेखक 'कॅप्चा' वाचण्यासाठी चष्मा पुसेपर्यंत संपतं. हाती आलं ते वेटिंग. पाहुणा रोज म्युनिकहून आकडा विचारी आणि लेखक शेअर बाजारातल्या माणसाच्या आवाजात तो सांगे. शेवटी चार्ट लागला आणि दोघांचं आरएसी झालं.

आरएसी म्हणजे पैसे पूर्ण, बाक अर्धा. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी समोरासमोर बसायचं आणि रात्र काढायची. "उरलेला अर्धा कधी मिळतो?" पाहुण्याने विचारलं. "टीसीच्या मनात आलं की," लेखक म्हणाला. टीसी आला, त्याने पाहुण्याची उंची पाहिली, लेखकाचा घेर पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने पुढे गेला.

मग पायांचा प्रश्न आला. पाहुण्याचे पाय लेखकाच्या काखेपर्यंत पोहोचत होते. वाटेत मखराचे थर्माकोलचे खांब, टाळांच्या पिशव्या, नारळाचं पोतं आणि त्या पोत्यावर गाढ झोपलेला एक पोरगा. पावसाळी वेळापत्रकात या मार्गावर गाड्या हळू चालवतात, आणि लेखक या धोरणाचा आजवर कट्टर समर्थक होता. पहाटे करबुड्याचा बोगदा आला. तो साडेसहा किलोमीटरचा आहे, हे लेखकाला पक्कं माहीत आहे, कारण बोगद्याच्या तोंडाशी त्याच्या पोटरीत आलेला गोळा दुसऱ्या टोकाला सुटला.

समोरच्या बर्थवर कुडाळला निघालेल्या एक आजी होत्या. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्या एकट्याच घर उघडायला चालल्या होत्या. रात्री त्यांनी डबा उघडला आणि पहिली भाकरी पाहुण्याच्या हातावर ठेवली. "जेवलंस काय रे झिला?" लेखकाने भाषांतर करायच्या आत तो जेवायला लागला होता. नंतर आपल्या बर्थचा कोपरा थोपटत त्या म्हणाल्या, "पाय हंय सोड." त्यांनी स्वतः पाय पोटाशी घेतले आणि सकाळपर्यंत हलल्या नाहीत. लेखकाला हे बघून उगाच खिडकीबाहेर पाहावं लागलं. बाहेर मिट्ट काळोख होता.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्तीही पाहिला. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्या सकाळी तिथे पाऊस, पाहुणा आणि लेखक सोडून कोणी नव्हतं. उरलेले दिवस आरत्यांत गेले. एका वाडीत पाहुण्याच्या हातात झांजा दिल्या, त्या काढून घ्यायला बरेच कष्ट पडले.

परतताना लेखकाने गर्दीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पाहुण्याला ती कळेना. "पर्यटक कुठे होते?" तो म्हणाला. "सगळ्या डब्यात मी एकटाच होतो."

तो पुन्हा येतोय, आणि या खेपेला बायकोही बरोबर आहे. २०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आरक्षण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला उघडेल. त्या दिवसांत वाचकांनी सकाळी आठ ते सव्वाआठ मोबाइल बाजूला ठेवून शांतपणे चहा घ्यावा, ही नम्र विनंती.