बटनवाले बापू

कळमनुरीच्या बसस्टँडसमोर सकाळच्या पहिल्या चहाला जमणाऱ्या म्हाताऱ्यांत दोन पंथ आहेत. टचवाले आणि बटनवाले. टचवाल्यांच्या माना खाली, अंगठा वर-खाली आणि चहा कपातच निवत चाललेला. बटनवाला मात्र ताठ मानेने गरम चहा पितो आणि बाकीच्यांकडे कीव आल्यासारखा बघतो. त्याला सगळे बापू म्हणतात. असा एक बापू आखाडा बाळापुरात आहे, एक वारंगा फाट्यावर आहे, एक डोंगरकड्यात आहे. आडनावं निराळी, भावकीतली भांडणं निराळी; पण खिशातला फोन सारखाच आणि त्यामागचा विचारही सारखाच: "फोन बोलायला असतो. बघायला घरी टीव्ही हाय."

हा फोन बंडीच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पाऊस असो वा नसो, पिशवी सुटत नाही. पिशवीत सोबतीला आधार कार्ड. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट झाली, तेव्हापासून आधार कार्ड वर आणि फोन खाली असा मानाचा क्रम लागला आहे. फोनचं मागचं झाकण रबराने बांधलेलं. बटनांवरचे आकडे कधीच झिजून गेले. पाचाच्या बटनावरचा बारीक उंचवटा तेवढा शिल्लक आहे. त्या उंचवट्यावर बोट ठेवून बापू रात्री शेतातल्या कोठ्यावरही अचूक नंबर लावतात.

पाठ नसलेले नंबर मात्र यादीत शोधावे लागतात, आणि तिथे घोटाळा होतो. यादीतली नावं नातवाने इंग्रजीत घातलेली. बापू ती वाचत नाहीत, मोजतात. वरून तिसरा जावई, सहावा खतवाला, खालून दुसरी बहीण. नातवाने मध्येच काही नावं घातली-काढली की सगळी यादी वर-खाली सरकते. मग खतवाल्याला सकाळी सकाळी विचारलं जातं, "काय म्हणते आमची लेक? तब्येत बरी हाय ना?" आणि जावयाला दम भरला जातो, "दोन बॅगा डीएपी राखून ठिवा म्हणलो होतो, त्याचं काय केलं?" जावई गरीब स्वभावाचा. एकदा तो खरंच दोन बॅगा घेऊन आला.

बापूंचा आवाज अंतराच्या हिशोबाने चढतो. हिंगोलीला बोलायचं तर नेहमीचा. नांदेडला बोलायचं तर उभं राहून. पुण्याच्या मुलाशी बोलायचं तर अंगणात जाऊन, तोंड पश्चिमेकडे करून. मुलगा फोन उचलतोच असं नाही. सून मीटिंगमध्ये असते, पुतण्या गाडीवर असतो. पण शेतातल्या मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय, त्यावर बापू फोन लावतात आणि मोटर पहिल्या रिंगला उचलते. "घरात येवढं एकच माणूस हाय मह्या ऐकण्यातलं," असं ते मोटरीबद्दल म्हणतात.

खरं तर बापूंना जुनाट म्हणणं हा अन्याय आहे. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होती आणि एसटीडी बूथवर रात्रीचा दर कधी लागतो याची वाट बघत होती. पुढे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला आणि २००३ मध्ये इनकमिंगचे पैसे पडणं बंद झालं. त्याच वर्षी नोकियाने ११०० नंबरचा फोन काढला. धूळ आत जाऊ न देणारी बटनं, घामेजल्या हातातून न सटकणाऱ्या कडा आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात तो पंचवीस कोटींच्या वर खपला. आमच्याकडे शेतीची लाइट यायची रात्री. हळदीला पाणी द्यायला अंधारात सऱ्यांतून चालायचं, पायाखाली जनावर आहे की पाइप हे बघायचं. बापूंनी तो फोन टॉर्च म्हणूनच घेतला. त्यावर बोलताही येतं ही वरची सूट. आज ज्याला सगळे मागासलेला म्हणतात, तो आपल्या गल्लीतला पहिला मोबाईलवाला होता. त्यानंतर जग पुढे गेलं आणि बापूंनी ते जाऊ दिलं, एवढंच.

त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे निवृत्त गुरुजी. गुरुजींचा टच फोन मुलीने दिलेला. पहाटे पाचला ते गुलाबाच्या फुलावर सुविचार ठेवून सगळ्या तालुक्याला पाठवतात. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो २०२१ पासून घरबसल्या फोनला चेहरा दाखवून देता येतो, हे गुरुजींनी हॉटेलात जाहीर केलं आणि तिथल्या तिथे करून दाखवायला घेतलं. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. गुरुजींनी मिचकवले. फोनला पटेना. गुरुजी उजेडात गेले, टोपी काढली, पुन्हा मिचकवले. रस्त्यापलीकडची भाजीवाली पदर सावरून बसली. बापू शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी जित्ता हाय का ते उधारीवाल्या दुकानदाराला इचारा. तो रोज सकाळी खात्री करून घेतो."

पण बापूंचा खरा विजय झाला तो डिजिटल अरेस्टच्या लाटेत. २०२४ मध्ये देशभर खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर येऊन म्हाताऱ्या माणसांना घरातच डांबू लागले, आयुष्याची पुंजी लुटू लागले. ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं, की असली अटक कायद्यात नाहीच. बापूंनाही तसला फोन आला. समोरचा म्हणाला, व्हिडिओ चालू करा, तुम्हाला अटक झाली आहे. बापू म्हणाले, "मह्या फोनात तसलं काही नाही. तुम्हीच या. बसस्टँडसमोर बसलेलो असतो. येताना कालची उधारी देऊन टाका." पलीकडून फोन कट झाला. त्या दिवशी गुरुजींनी स्वतःच्या पैशाने बापूंना चहा पाजला. असा योग फार क्वचित येतो.

बापूंचा दुसरा झगडा रिचार्जचा. बोलण्यापुरतं रिचार्ज मागितलं तर दुकानदार रोजच्या दीड जीबी नेटसकटचं मारायचा.

"ते नेट मी वापरत नाही. मग ते जातं कुठं?"

"रात्री बाराला संपतं, बापू."

"पण खातं कोण?"

याचं उत्तर कळमनुरीत कोणाकडे नव्हतं. दिल्लीत मात्र कोणाला तरी हा प्रश्न पडला असावा. दूरसंचार नियामक ट्रायने २३ डिसेंबर २०२४ ला कंपन्यांना हुकूम केला, की नुसतं बोलणं आणि एसएमएस एवढ्यापुरतंही रिचार्ज ठेवा, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. बापू याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतात. आपण दुकानात जे भांडलो ते वरपर्यंत पोचलं, अशी त्यांची खात्री आहे.

आता बापूंचं गुपित. त्यांच्याकडे टच फोन नाही हे खरं नाही. त्यांच्याकडे तो होता; फक्त त्याला दोन पाय होते आणि तो अकरावीत शिकत होता: नातू बाबू. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळद काय भावाने गेली? "अरे बाबू, बघ बरं." पाऊस कधी? "बाबू, बघ बरं." १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून ॲपवर टाकायचा; तलाठी बांधावर यायचा तो फोनात शिरला. बापू बांधावर उभे राहून हात करायचे आणि बाबू सोयाबीनमध्ये घुसून फोटो काढायचा. फोटोत बापू आले की पुन्हा काढायचा, कारण सरकारला पीक हवं असतं, बापू नको असतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये बटनाच्या फोनवरूनही पैसे पाठवायची सोय काढली. बाबूने ती मोठ्या उत्साहाने सांगितली. बापू म्हणाले, "थुंकी लावून मोजल्याबिगर मी पैसा सोडत नाही."

आणि एवढं करून बापू हॉटेलात छाती पुढे काढून सांगायचे, "आपलं नेटवाचून काही अडत नाही." अडायचं नाही, कारण अडलं की बाबूचा अभ्यास थांबायचा.

नेट नसलेल्या माणसाकडेही नेट पोचतंच, हे भूकंपाने दाखवलं. १० जुलै २०२४ च्या सकाळी सात-सव्वासातला घराघरांतली भांडी वाजली. केंद्र आपल्याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ, तीव्रता ४.५. गुरुजींनी आधी फोन बघितला, आकडा वाचला, मग घाबरले. बापू आधी घाबरले, आकडा त्यांना अजूनही नको आहे. संध्याकाळी गुरुजींच्या ग्रुपवर निरोप फिरला, की रात्री मोठा धक्का बसणार. बापू ठामपणे म्हणाले, फोनातलं सगळं खोटं असतं. "पण गुरुजी खोटं बोलायचे नाहीत," असंही म्हणाले आणि खाट अंगणात ओढली. त्या रात्री दोन्ही पंथ एकाच आकाशाखाली झोपले. धक्का काही बसला नाही. डास मात्र भरपूर चावले.

गेल्या जूनमध्ये बाबू शिकायला पुण्याला गेला आणि बापूंचं नेट बंद पडलं. पुण्याच्या मुलाने चौथ्या दिवशी नवाकोरा टच फोन पाठवला. बापूंनी तो हातात घेतला. बोट लावायच्या आत काहीतरी उघडलं, काढायला गेले तर दुसरंच उघडलं, आणि मग कोण्या बाईने त्यांना "मी आपली काय मदत करू?" असं विचारलं. बापूंनी फोन उशीखाली घातला आणि दोन दिवस त्या खोलीत कपडे बदलले नाहीत.

तो उचलला बाईंनी. बाई म्हणजे बापूंची बायको. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे लिहायचा प्रश्न नव्हता. म्हणूनच त्या थेट माइकचं चिन्ह दाबून बोलू लागल्या. पहिल्या आठवड्यात कीर्तनं. दुसऱ्या आठवड्यात तिन्ही लेकी एकाच वेळी व्हिडिओवर. महिन्याभरात नर्सीच्या यात्रेचे फोटो बहिणीला आणि हळदीचा भाव शेजारणीला. बापू खाटेवर बसून पडद्याकडे तिरपं बघायचे. बायकोला भाव विचारायचा म्हणजे पन्नास वर्षांचा रिवाज मोडायचा. ते भिंतीला विचारायचे, "आज हळद काय म्हणते कोणास ठाऊक." भिंत उत्तर द्यायची नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं. बापूंनी हॉटेलात येऊन तो भाव "आपल्याला आतून कळलेला" म्हणून सांगितला.

तेवढ्यात पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्यासाठी केवायसी करायची वेळ आली. केंद्रावर रांग होती. बाई म्हणाल्या, घरीच करू, शेजारच्या पोरीने दाखवलंय. त्यांनी आपल्या फोनवर बापूंचा आधार नंबर घातला. ओटीपी मात्र जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे बापूंच्या बटनाच्या फोनवर. फोन बंडीत कुरकुरला. बापूंनी पिशवी सोडली, डोळे बारीक करून आकडे बघितले आणि फोन छातीशी धरला.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"न्हाई सांगत."

मध्यंतरी कित्येक महिने कुठेही फोन लावला की आधी फसवणुकीपासून सावध करायला अमिताभ बच्चन बोलायचा. बटनावर तो थांबवता येतो हे बापूंना माहीतच नव्हतं. ते प्रत्येक वेळी पूर्ण ऐकायचे, आणि शेवटी "बरं साहेब" म्हणायचे. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे सबंध तालुक्यात एकट्या बापूंनी मनावर घेतलं होतं.

"आवं, दहा मिनिटांत शिळा होतो तो! मी काय परकी हाव?"

"परकी न्हाईस. पण बच्चननं सांगितलंय, कोणालाच सांगायचं न्हाई. बायकोला सांगा असं न्हाई म्हणला तो."

दहा मिनिटं गेली. दोन हजार रुपये जागच्या जागी थांबले. बाईंनी चष्मा काढला, टच फोन बंद करून पदराखाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. मग दुपारचा चहा बी त्यालाच मागा."

दुसरा ओटीपी बापूंनी मोठ्याने वाचून दाखवला. पुण्याला बोलतात त्या आवाजात.