सिस्टीमवाले

प्रत्येक मोठ्या कचेरीत, जेथे पूर्वी दप्तरखान्याचा कारकून बसत असे साधारण त्याच अंधाऱ्या बाजूस, आज एक काचेची खोली असते. तेथील गारव्याचा बंदोबस्त माणसांसाठी नसून यंत्रांसाठी केलेला असतो, आणि ऐन वैशाखात त्या खोलीत स्वेटर घालून बसलेले जे गृहस्थ आपल्या दृष्टीस पडतात त्यांस सारी कचेरी ‘सिस्टीमवाले’ म्हणते. आईबापांनी ठेवलेले एखादे नाव त्यांनाही असणारच. पण पगारपत्रकाखेरीज त्याचा कोठे उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही.

वर्षभर कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या या गृहस्थांना खरा बहर येतो तो सर्व्हरच्या स्थलांतरापूर्वीच्या पंधरवड्यात. जुन्या यंत्रावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ नांदत असते. तिला निर्मात्यांकडून मिळणारी नित्याची दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. तेव्हापासून अर्ज, शेरे, मंजुऱ्या, निविदा व फेरनिविदा यांचा यथासांग प्रवास पार पडून नवे यंत्र एकदाचे दाखल होते, स्थलांतराची तारीख परिपत्रकाने जाहीर होते, आणि त्या क्षणापासून कचेरीतील यच्चयावत् बिघाडांना एक सर्वमान्य कारण लाभते. वास्तविक एकही फाइल जागची हललेली नसते. तरीही लेखाशाखेतल्या बाई फोनवर ठणकावतात, “तुमचं ते स्थलांतर सुरू झाल्यापासून माझा झेड ड्राइव्ह उघडत नाही हो!” त्यावर, स्थलांतर अद्याप पुढच्या शनिवारी आहे, हे निरुपयोगी सत्य सांगण्याच्या भरीस न पडता सिस्टीमवाले एवढेच विचारतात, “काय लिहून येतंय, बाई? आकड्यासकट वाचा.”

लिहून येते त्यावर मात्र त्यांचा तिळमात्र विश्वास नसतो. कोर्टातला मुरलेला शिरस्तेदार पढवलेल्या साक्षीदाराची जबानी ज्या मुद्रेने उतरून घेत असेल त्याच मुद्रेने ते तो संदेश कागदावर टिपतात: शब्द न शब्द, आणि एकही खरा न मानता. यंत्र खोटे बोलते असे त्यांचे म्हणणे नाही. ज्या उंबरठ्यावर त्याला थांबावे लागले तेथली तक्रार ते प्रामाणिकपणे सांगते. अडविणारा मात्र बहुधा भलत्याच दालनात उभा असतो, आणि त्याची या बिचाऱ्याला वार्ताही नसते, असा त्यांचा सिद्धांत आहे.

या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ ते जे प्रकरण नेहमी सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. एके दिवशी सामायिक फोल्डर उघडू पाहणाऱ्या प्रत्येकास, ‘ही आज्ञा पार पाडण्याइतकी साठवणीची जागा सर्व्हरवर नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. असे वाचल्यावर कोणताही सुबुद्ध वरिष्ठ जे करील तेच येथील वरिष्ठांनी केले. सर्व शाखांनी अनावश्यक फाइली तात्काळ नष्ट कराव्यात असे फर्मान निघाले, आणि कर्मचाऱ्यांनी जड अंतःकरणाने मुलांच्या मुंजीची छायाचित्रे, महाबळेश्वरच्या सहलीची चलच्चित्रे व कोणी एकाने जमविलेली साडेतीनशे नाट्यपदे यांना निरोप दिला. जागा वाढली, संदेश जागच्या जागी. डिस्क मुळात अर्धी रिकामीच होती. झाले होते ते असे की, आदल्या आठवड्यात सर्व्हरवर नवा अँटीव्हायरस बसविण्यात आला होता. फाइलीसाठी आलेली मागणी आत जाताना जितक्या मध्यस्थांच्या हातून जाते तितक्यांच्या शेऱ्यासाठी तिच्यासोबत एकेक कप्पा राखून ठेवावा लागतो. या कप्प्यांची संख्या रजिस्ट्रीतल्या ‘आयआरपीस्टॅकसाइझ’ या नोंदीवरून ठरते, व नोंदच नसेल तर ती १५ धरली जाते. नव्या अँटीव्हायरसाने आपलाही हात मध्ये घातल्यावर कप्पे अपुरे पडले आणि यंत्र ‘जागा नाही’ म्हणाले; कोणती जागा, हे सांगण्याची तसदी मात्र त्याने घेतली नाही. सिस्टीमवाल्यांनी तो आकडा वाढविला, यंत्र एकवार बंद करून चालू केले, आणि प्रकरण मिटले. परंतु हे त्यांना फर्मान निघण्यापूर्वीच ठाऊक होते, असा माझा दाट संशय आहे. स्थलांतराच्या तोंडावर नाट्यपदांचे ओझे परस्पर हलके होत असेल तर घाईने मधे का पडा? याला कोणी लबाडी म्हणेल. मी मुत्सद्देगिरी म्हणतो.

‘प्रवेश नाकारला’ या संदेशाबद्दल त्यांना किंचित आदर आहे, कारण तो निदान अर्धा खरा असतो. सामायिक फोल्डरवर परवान्यांच्या चौक्या दोन. एक शेअरची आणि दुसरी खुद्द फाइलींची, आणि दोहोंपैकी जी अधिक कडक तिचाच हुकूम चालतो. पहिल्या चौकीवर सर्वाधिकार मिळालेले उपसंचालक दुसरीवर अडतात, आणि “मला फुल कंट्रोल आहे, मग हा मला कोण अडवणारा?” असे गर्जतात. त्या वेळी, अधिकार कागदावर असणे व चालणे यांतील अंतर सरकारी सेवेत आजन्म घालविलेल्या माणसास एका यंत्रखोलीत समजावून सांगावे लागते, हा त्यातला खरा विनोद. त्याहून मौजेचा प्रसंग म्हणजे त्याच संदेशाच्या पुढच्या ओळीत, परवानगीसाठी आपल्या नेटवर्क व्यवस्थापकाशी संपर्क साधावा, असा उपदेश येतो, आणि तो वाचणारे कित्येकदा स्वतः सिस्टीमवालेच असतात.

फोल्डरांच्या नामकरणाविषयी ते बोलू लागले की त्यांची वाणी कातर होते. विंडोजमधील कित्येक जुने प्रोग्राम फाइलीचा संपूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत मागतात, आणि आमच्या कचेरीत ‘अंतिम’च्या पोटात ‘अंतिम सुधारित’, व त्याच्याही पोटात ‘अंतिम सुधारित साहेबांनी पाहिलेले’ असा वंशविस्तार झालेला असतो. त्यात देवनागरीचा हिशेब निराळा. ‘प्रस्ताव’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा; पण यंत्र त्यातील काना व हलन्त सुटे मोजते आणि आठ भरते. मर्यादा ओलांडली की प्रोग्राम सांगतो, मार्ग सापडत नाही. फाइल मात्र डोळ्यांसमोर धडधडीत दिसत असते. शिवाय नव्या सर्व्हरवर सर्व शाखा एका ‘एकत्रित दप्तर’ नामक फोल्डरात घालाव्यात अशी वरिष्ठांची इच्छा असते. म्हणजे आजवर काठावर निभावलेले पत्तेही त्या चार-दोन शब्दांनी हद्दपार होणार. रोबोकॉपी असले लांब पत्ते बिनतक्रार वाहून नेते. पुढे ते उघडत नाहीत, ही गोष्ट सोमवारी कळते. म्हणून सिस्टीमवाले आधीच अशा पत्त्यांची फेरिस्त काढून शाखाशाखांतून तगादा लावत हिंडतात, आणि ‘नाव बदलल्यास जबाबदारी कोणाची’ या प्रश्नावर प्रत्येक शाखेशी त्यांची रुजवात होते.

झेरॉक्सच्या यंत्राची कथा थोडक्यात सांगतो. ते कागद स्कॅन करून फोल्डरात टाकते, पण ‘एसएमबी१’ या जुन्या बोलीखेरीज त्याला दुसरी येत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने याच बोलीतील भेगेतून जगभर धुमाकूळ घातला, आणि तेव्हापासून नव्या सर्व्हरांत ती मुळात बसविलेलीच नसते. चाचणीच्या दिवशी यंत्राने ‘लॉगिन होत नाही’ एवढेच सांगितले, आणि आवक-जावक शाखेने दिवसभर पासवर्ड बदलण्याचा सपाटा लावला.

शनिवारी रात्री स्थलांतर बिनबोभाट पार पडले, म्हणजे ते कोणाच्याही लक्षात आले नाही. जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवून त्यावर केवळ वाचण्याची मुभा ठेवण्याची दक्षता सिस्टीमवाल्यांनी घेतली होती. सोमवारी साडेदहाच्या सुमारास लेखाशाखेतल्या बाईंचा फोन आला.

“तुमच्या नव्या सर्व्हरवर साधं पत्र सेव्ह होत नाही हो! प्रवेश नाकारला म्हणतोय.”

“कोणत्या नावानं गेलात, बाई?”

“नावानं कशाला जाऊ? आधीच्या हेडक्लार्कसाहेबांनी रिटायर होताना सर्व्हरचा नंबर लिहून दिलाय ना वहीत, त्यानंच जातेय मी. तो कधी बदलत नाही.”