बिल्टी नसलेला माल

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
धनत्रयोदशी

तीर्थरूप बाबांना आणि आईला सा. न.

पोहोचलो. सामान पोहोचलं, पोरं पोहोचली, सासूबाई पोहोचल्या, देव्हारा पोहोचला. कपबशा थोड्या फुटल्या आणि एक झाड कमी झालं. झाडाचं पुढे सांगते. फोनवर तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी टाळली, कारण एकाचं उत्तर पुरं व्हायच्या आत तुम्ही दुसरा विचारता. पत्रात ती सोय नाही, तेव्हा निवांत वाचा.

मुख्य प्रश्न आधी. "ट्रक कोण चालवून राहिलं?" मी चालवला.

आईला खुर्चीवर बसवा आणि मग पुढचं वाचा. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून इथवर म्हणजे देशाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,६०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारीसुद्धा याहून कमी भरतं. सामान नेणाऱ्यांनी भाडं सांगितलं तेव्हा तुमचे जावई म्हणाले, एवढ्या पैशात सामान इथेच ठेवून तिकडे नवं घेऊ. मग ट्रकच भाड्याने घ्यायचं ठरलं. भाड्याचा २६ फुटी ट्रक इथे गाडीच्या साध्या लायसन्सवर मिळतो. हेवी लायसन्स नको, बॅज नको, काही नको. जावई केबिनमध्ये चढले, आरशात बघितलं, मागे घराएवढं काहीतरी दिसलं आणि ते उतरले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईला द्या. तिच्या माहेरी ट्रकच होते." माहेरी ट्रक कुठले, नागपूरच्या वाडी नाक्याला तुमच्या गद्दीवर लिहिलेल्या ट्रकच्या बिल्ट्या होत्या. पण सासूबाईंच्या तोंडून माहेरचा मोठेपणा इतक्या सहज निघत नाही, म्हणून मी गप्प बसले आणि किल्ली घेतली. जावई, सासूबाई आणि धाकटी कारमध्ये, मोठा माझ्या शेजारी क्लीनरच्या जागी.

माल भरण्याचं श्रेय तुमचं. नागपुरात मध्यरात्र असताना बनियनवर बसून तुम्ही व्हिडिओ कॉलवरून जे चालवलं होतं, त्याला इथे लॉजिस्टिक्स म्हणतात आणि त्याचा भरपूर पगार मिळतो. जड माल केबिनकडे, हलका मागे, मध्ये पोकळी नको, फ्रीज उभाच राहील. हमालीला आलेली कॉलेजची दोन पोरं विचारायला लागली की हे कोण. मी म्हटलं, आमचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर. तेव्हापासून ती तुम्हाला 'सर' म्हणत होती आणि प्रत्येक खोका आधी फोनला दाखवून मग आत ठेवत होती. तुम्ही ताडपत्री मागितलीत तेव्हा मात्र ती गोंधळली, कारण हा ट्रक म्हणजे चहूबाजूंनी बंद डबा. शेवटी तुम्ही विचारलंत, "बिल्टी कोणाकडे आहे?" बाबा, माल आपला, गाडी आपण चालवणार, पाठवणारे आपण, घेणारेही आपण. तुम्ही इतक्या नाराजीने फोन ठेवलात की मी एका कागदावर 'घरसामान, एडिसन ते फ्रीमॉन्ट, मालकाच्या जोखमीवर' असं लिहून समोरच्या काचेजवळ ठेवलं. तो कागद इथवर आला.

आता रस्ता. आय-८० हा इथला हमरस्ता न्यूयॉर्कच्या शेजारून निघतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. आपल्याकडच्या हमरस्त्यांना तुम्ही अजून सात नंबर आणि सहा नंबर म्हणता. २०१० नंतर ते ४४ आणि ५३ झाले, म्हणजे आपल्याकडे उत्तर-दक्षिण रस्ता सम आणि पूर्व-पश्चिम विषम. इथे बरोब्बर उलटं, पूर्व-पश्चिम सम. हे वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही हे ठाऊक आहे, पण पुढचं वाटेल. हे सगळे रस्ते ट्रकच्या हालांमुळे झाले. १९१९ साली इथल्या लष्कराने ऐंशीएक गाड्यांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. चिखलात रुतत, लाकडी पूल मोडत तो ६२ दिवसांनी पोहोचला. त्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये त्याने या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. मंत्री करण्याआधी माणसाला एकदा ट्रकमधून पाठवावं हे तुमचं जुनं मत आहे, त्याला हा पुरावा घ्या.

इथला मोठा ट्रक म्हणजे अठरा चाकं, मागे ५३ फुटांचा डबा आणि वजन ३६ टनांपर्यंत. आपला ट्रक त्याच्यापुढे पोरगा. कारमधून जाताना हे ट्रक म्हणजे नुसती अडचण वाटायची. केबिनमध्ये उंच बसल्यावर उलगडा झाला की अडचण कार आहेत. ट्रकच्या समोर मोकळी जागा दिसली की कारवाला ती आपल्यासाठीच राखून ठेवली आहे असं समजून घुसतो. ती जागा ब्रेकसाठी सोडलेली असते, हे त्याच्या गावीही नसतं. मी जागा सोडायची, कोणीतरी घुसायचं, मी पुन्हा सोडायची. ओहायोपर्यंत हेच. त्या घुसणाऱ्यांत एकदा तुमचे जावई होते.

दोन ट्रकांची शर्यत हा वेगळाच सोहळा. बऱ्याच कंपन्यांनी ट्रकच्या वेगाला यंत्राने लगाम घातलेला असतो. एकाचा ताशी ६५ मैलांवर, दुसऱ्याचा ६६ वर. ६६वाला ओव्हरटेक करायला निघतो आणि मग तिथे एक पूर्ण तालुका मागे पडतो. मागे गाड्यांची रांग लागते, पण हॉर्न कोणी वाजवत नाही. इथे हॉर्न म्हणजे शिवी. ट्रकच्या पाठीवर 'माझे आरसे तुला दिसत नसतील तर तूही मला दिसत नाहीस' अशा अर्थाची पाटी असते. आपल्याकडचं 'हॉर्न ओके प्लीज' राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये लिहायला बंदी केली. इथे ते लिहिलेलं नसूनही एक अपवाद आहे. शेजारच्या गाडीतल्या पोराने मूठ वर करून साखळी ओढल्यासारखं केलं की ट्रकवाला भोंगा वाजवतो. ही इथली जुनी रीत. धाकटीला हे कळलं आणि इंडियाना राज्य आम्ही वाजतगाजत ओलांडलं. सासूबाई म्हणाल्या, वाडी नाक्यावरून गेल्यासारखं वाटलं.

आयोवात वॉलकॉटला ट्रकचा थांबा आहे, १९६४ पासूनचा, जगातला सगळ्यात मोठा म्हणवतो. डिझेल आणि जेवण तर आहेच; शिवाय न्हावी, दाताचा डॉक्टर, लाँड्री, सिनेमा आणि जुन्या ट्रकांचं संग्रहालय. माणूस इथे दात काढून, केस कापून, सिनेमा बघून पुन्हा गाडीवर चढू शकतो. तुम्ही असता तर संग्रहालयातून तुम्हाला बाहेर काढायला हमालच लागले असते. पण एवढ्या सोयी का, ते रात्री कळलं. इथे ड्रायव्हरला अकरा तास गाडी चालवली की दहा तास सुट्टी सक्तीची. पूर्वी तो हे वहीत लिहायचा, आणि वहीचं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेकांच्या गाडीत यंत्र आलं, जे इंजिनलाच विचारतं. ते खोटं बोलत नाही. पण त्याला हेही कळत नाही की तास संपले तेव्हा उभं राहायला जागा आहे का. रात्री थांबे भरलेले, म्हणून रस्त्याला लागणाऱ्या उतारांवर ट्रक ओळीने उभे आणि आत माणसं झोपलेली. आपल्या वाडीत ड्रायव्हरला मालक उठवतो, इथे घड्याळ झोपवतं. घर दोघांचंही लांबच.

नेब्रास्का सपाट आहे. एवढं पुरे. फक्त कार्नी नावाच्या गावाबद्दल सांगायलाच हवं. तिथे महामार्गाच्या डोक्यावर आडवं बांधलेलं संग्रहालय आहे, आपण त्याच्या खालून जातो. गावाजवळच्या एका जुन्या रँचचं नावच १७३३, कारण तिथून बोस्टनही १,७३३ मैल आणि सॅन फ्रान्सिस्कोही १,७३३ मैल. गावाला या मध्यभागी असण्याचा केवढा अभिमान! पेट्रोल भरताना तिथल्या आजोबांनी तो मला सविस्तर सांगितला. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग नागपूरच्या झिरो माइलबद्दल सांगायला सुरुवात केली. आमची टाकी भरून कधीच झाली होती. तुमचे जावई मागून हात जोडत होते.

वायोमिंगमध्ये वारा आला. लॅरामीच्या आधी या रस्त्याचा सगळ्यात उंच टप्पा लागतो, ८,६४० फूट, आणि तिथे लिंकनचं प्रचंड मोठं डोकं खांबावरून खाली बघत असतं. त्या पठारावर वारा असा की उंच आणि हलक्या गाड्यांना पुढचा रस्ता बंद, असं पाटीवर झळकलं. उंच आणि हलकी, म्हणजे आपणच. बाजूच्या ट्रक थांब्यावर गेलो तर आत पराठ्याचा वास! या रस्त्यावर ठिकठिकाणी पंजाबी मंडळींनी थांबे चालवायला घेतलेत, कारण ट्रक चालवणाऱ्यांत त्यांचीच माणसं भरपूर. एक सरदारजी काका शेजारी बसले होते. निघू की थांबू, अशी माझी चुळबुळ बघून म्हणाले, "बेटी, हवा से बहस नहीं करते." मग गाव विचारलं. नागपूर म्हटल्यावर लगेच, "वाडी?" पंचवीस वर्षांपूर्वी ते लुधियाना-हैदराबाद फेऱ्या करायचे. मी म्हटलं, माझे वडील वाडीलाच गद्दीवर होते. त्यांनी पराठ्याचे पैसे देऊ दिले नाहीत. वर म्हणाले, गद्दीवाल्यांनी आमचे खूप कापलेत, आज उलटं होऊ दे. हे तुमच्यापर्यंत पोहोचवायचं वचन दिलं होतं, पोहोचवलं.

सॉल्ट लेक सिटीला उतरताना घाट आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी तिथे बाजूला खडीचा चढ करून ठेवलाय. ट्रक त्यात घातला की पुरणात डाव रुतावा तसा रुतून थांबतो. आमच्यावर ती वेळ आली नाही. तुमचा नियम पाळला, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर इथे आपोआप पडतात, पण खाली ओढून ठेवता येतात.

आता झाड. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नाका आहे आणि तिथे विचारतात, फळं, रोपं काही आहे का? सासूबाईंच्या मांडीवर कढीपत्त्याची कुंडी होती. एडिसनच्या खिडकीत वाढवलेली, वाटेत प्रत्येक मोटेलात पाणी घातलेली. नाक्यावरच्या बाईने फार अदबीने सांगितलं की हे पुढे नेता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, फोडणीसाठी आहे. बाई म्हणाली, मनाई संत्र्यांसाठी आहे. कढीपत्त्यावर तोच सायला कीडा बसतो, जो लिंबू-संत्र्याच्या बागांत रोग पसरवतो. मला तर शाळेत असल्यापासून पाठ आहे, काटोलच्या मामांनी सायलाच्या फवारणीपायी किती दिवाळ्या बागेत काढल्या! मी खाली उतरून सासूबाईंना समजावलं. नागपूरची मुलगी संत्र्याच्या बाजूने उभी राहिली, यात नवल ते काय. पण त्या दिवसापासून वरणाला फोडणी बसली की घरात एक उसासा ऐकू येतो.

बाबा, तुमचा व्हिसा झाला की या. सॅन फ्रान्सिस्कोहून टाहो तळ्यापर्यंत एक दिवसाची फेरी करू. ट्रक भाड्याने घेईन, रिकामाच. तुम्ही शेजारी बसा, मी चालवते, आणि बिल्टी तुम्हीच लिहा.

आईला आणि ताईला नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुमची,
ठमी

ता. क. : आई, फराळाच्या डब्यात संत्रा बर्फी पाठव. पण चिवड्यातून कढीपत्त्याच्या बिया लपवून पाठवू नकोस. तू हा विचार केलायस हे मला माहीत आहे, आणि सासूबाईंनी तुला फोन केलाय हेही मला माहीत आहे.