खुनी कोणाचा कोण?

अण्णा प्रत्येक बंदरगावात असतात. हर्णैला असतात, जयगडला असतात, वेंगुर्ल्याला तर वळणावळणाला असतात. पण अंजनवेलच्या अण्णांची सर कोणाला नाही. समोर वाशिष्ठीचं मुख, पलीकडे दाभोळ, डोक्यावर गोपाळगड आणि टाळकेश्वराचा दीपस्तंभ. मासेमारीची होडी असो की गॅसचं जहाज, अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय खाडीत काही शिरत नाही. मुंबईत बसवर तिकिटं फाडण्यात उमेद गेली. निवृत्त होऊन गावी आले ते दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे, दुसरीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा.

झुंजार आणि काळापहाड पाठ झाले तेव्हा अण्णा अनुवादांच्या वाटेने अगाथाबाईंकडे वळले. त्यातही बोटीवरचा खून म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नाईल नदीतल्या 'कर्नाक' बोटीवरची 1937 सालची ती कादंबरी त्यांनी इतक्या वेळा वाचलीय, की त्यातली मेलेली माणसं त्यांना आता घरची वाटतात. एरवी माणूस परोपकारी, पण वाचनालयातले लोक त्यांच्या नावाने बोटं मोडतात. अण्णांच्या हातून परत आलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : 'डॉक्टरने केला. तरी वाचावी, वर्णन बरे आहे.'

त्यांची तपासाची पद्धत स्वतःची आहे. अगाथाबाईंचा तो मिशाळ गुप्तहेर पायरो विचारत बसतो, रात्री साडेबाराला तुम्ही कुठे होतात? अण्णांना हा प्रश्न पोरकट वाटतो. "रात्री साडेबाराला माणूस कुठे असणार? झोपलेला असणार. नसला तरी तसंच सांगणार. त्यापेक्षा आजोळ विचारावं." दोनशे पानं झाली तरी ज्या पात्राचं आजोळ कळत नाही, तो खुनी, हा त्यांचा सिद्धांत. लाज वाटते सांगायला, पण दहातल्या सहा-सात वेळा तो खरा ठरतो.

याच सिद्धांतावर धोपावे-दाभोळ फेरीबोटीत रोज प्रयोग चालतात. पुण्याची गाडी बोटीवर चढून हँडब्रेक ओढेपर्यंत अण्णा काचेशी हजर. "कोणाचे तुम्ही?" मग गाव, वाडी, घर रस्त्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, आणि शेवटी आजोळ. पलीकडचा धक्का लागेपर्यंत त्या माणसाची तीन पिढ्यांची वंशावळ, गुडघेदुखी आणि सामाईक जमिनीचा वाद अण्णांच्या खिशात जमा झालेला असतो. एवढ्या माहितीवर पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं असतं. अण्णा फक्त म्हणतात, "म्हणजे तुम्ही आमचेच की!" आणि त्याला परतीच्या वाटेवर जेवायला बोलावतात.

बोटीच्या बाबतीत त्यांचा अधिकार मात्र वादातीत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बॉम्बे स्टीमच्या बोटी त्यांनी लहानपणी पाहिल्या, पुढे चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'वर गणपतीनंतर आणि शिमग्याला ये-जा केली. भर पावसाळ्यात बोटी बंदच. लाटरोधक बांध अपुरा म्हणून गॅसची जहाजंही परवापरवापर्यंत पावसाळ्यात इथे येत नव्हती. यात अण्णांना समुद्राचा स्वाभिमान दिसतो. 'रामदास'चा विषय निघाला तर ते गप्प होतात. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथे कोणी थट्टा केली तर अण्णा उठून जातात.

कॅलिफोर्नियातल्या भाच्याने एकदा 'क्वीन मेरी'चे फोटो पाठवले. 1936 ला पहिली सफर केलेलं, तीनशे मीटरहून लांब जहाज, 1967 पासून लाँग बीचला कायमचं बांधून ठेवलेलं, आता हॉटेल. 'मामा, खुनाला काय जागा आहे बघा!' असं त्याने खाली लिहिलेलं. अण्णांनी फोटो मोठा करून दारं मोजायला घेतली. "हलत नाही ना? मग ती बोट कसली, चाळ आहे. पण केबिनी झकास."

केबिनींवर त्यांचा सगळा राग आहे, आणि थोडा हेवाही. कारण केबिनीशिवाय बोटीवर खून जमत नाही. ऑक्टोबर 1947 मध्ये 'डर्बन कॅसल' जहाजावरून एक नटी नाहीशी झाली. प्रेत सापडलं नाही, तरी पुढच्या वर्षी इंग्लंडातल्या कोर्टात जहाजावरचा एक नोकर दोषी ठरला. तिच्या केबिनमधली घंटा रात्री वाजली, पहारेकरी गेला, दार किलकिलं झालं आणि आत हा नोकर दिसला. "दार होतं म्हणून झालं हे," अण्णा म्हणतात. आमच्या डेकवर वळकटीला वळकटी लागलेली. पलीकडच्या बाईच्या डब्यात काय आहे ते वासाने चार माणसांना ठाऊक. सुरा काढला असता तर शेजारच्याने फणस कापायला मागून घेतला असता.

गॅसच्या जहाजाचंही त्यांनी मनावर घेतलं होतं. आतला द्रवरूप वायू उणे 162 अंशांवर असतो हे कळल्यापासून आठवडाभर ते अस्वस्थ. "त्या थंडीत प्रेत ठेवलं तर मेल्याची वेळ कशी काढणार?" इथल्या गॅसच्या प्रकल्पावर नोकरी करणाऱ्या एका मुलाला त्यांनी हे गांभीर्याने विचारलं. तो हल्ली लांबच्या रस्त्याने घरी जातो.

आता अण्णा स्वतःच लिहितायत. जुनी आगबोट, मुंबईहून निघालेली, दाभोळच्या अलीकडे खून. वहीत सुरुवात फर्मास आहे : भोंगा वाजतो, तांडेल ओरडतो, तिकीट तपासायला आलेल्या कारकुनाला वरच्या डेकवर आडवा पडलेला माणूस दिसतो. पण पुढे गाडी अडली ती प्रेतावर. मेलेला गुहागरचा दाखवावा तर तिथे थोरलीचं सासर. दापोलीचा दाखवावा तर व्याही रुसतात. चिपळूणकर तर कोणी ना कोणी ओळखतंच. घाटावरचा दाखवला, तर बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "त्याची बायकोपोरं कोण बघणार?" संशयितांची गत आणखी वाईट. झाडून सगळ्यांची जबानी एकच : बोट लागली होती, रात्रभर कठड्याला धरून ओकत होतो. आणि प्रत्येकाला पाच-पाच साक्षीदार.

परवा शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. दाभोळच्या बंदरात बोट नांगर टाकते, प्रेत उतरवून घ्यायला पडाव येतो, आणि प्रेत उठून बसतं. त्यालाही बोटच लागलेली असते. ते आधी चहा मागतं, मग पडाववाल्याला विचारतं, तुम्ही कोणाचे?

"अहो अण्णा, मग खून कुठाय?" मी विचारलं.

अण्णांनी वही मिटली, चष्मा पुसला. "खून तिकडे, इंग्लंडात. त्यांना परवडतो. त्यांच्याकडे केबिनी आहेत."