भिंतीच्या अलीकडे की पलीकडे?

घरचा कॉम्प्युटर वायफायला जोडला जात नाही. तुम्ही फोन लावता. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : "भाऊ, राउटर एकदा बंद करून चालू करा."

केलं. झालं नाही. आता?

आता पुन्हा करा, म्हणतात.

बंद-चालू करायला माझी ना नाही. अडकून बसलेला राउटर त्याने खरोखर सुटतो. पण बिघाड नेमका कुठे आहे, हे कुणी विचारतच नसेल, तर हा उपाय फक्त फोन लवकर ठेवायच्या कामाचा.

आणि बिघाड कुठे आहे हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो.

त्याच वायफायला मोबाइल जोडा. आधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा, नाहीतर सिमवरचं नेट चालेल आणि राउटर उगाच निर्दोष सुटेल. मोबाइलवर नेट आलं, तर खोट कॉम्प्युटरकडे. मोबाइलवरही नाही आलं, तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच काय?

मग उलट करा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर त्याला जोडून पाहा. जोडला गेला, तर त्याचं वायरलेस कार्ड आणि ड्रायव्हर जिवंत आहेत. राउटरचं नाव कॉम्प्युटरमधून पुसा, पासवर्ड नव्याने टाका, लहान-मोठी अक्षरं सांभाळून. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

एवढं न करता लोक डबा उचलून थेट दुकानात नेतात. दुकानात विंडोज नव्याने टाकून मिळते. सांभाळून न ठेवलेले फोटो जातात, पोरांचे प्रोजेक्ट जातात.

वायफाय घरी आल्यावर तसंच.

पण त्याआधीचा एक प्रश्न. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये वायफाय आहे तरी का?

हसू नका. सुटे भाग जोडून बनवलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये वायरलेस कार्ड बहुधा नसतंच. त्याला यूएसबीचा बोटभर अडॅप्टर लावावा लागतो. स्वस्तातला अडॅप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल, तर त्याचं नाव यादीत कधीच दिसणार नाही. तुम्ही रात्रभर पासवर्ड बदलत बसा.

आणि अडॅप्टरचा ड्रायव्हर नसेल तर? तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो, आणि इंटरनेटच तर नाही! इथेही मोबाइलच कामी येतो. चार्जिंगच्या वायरने तो कॉम्प्युटरला जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. ड्रायव्हर पाच मिनिटांत उतरतो.

वायफाय जोडलं गेलं, पण पानं उघडत नाहीत? कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आतला सीआर २०३२ सेल संपला, की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागच्या तारखेवर जातो आणि सुरक्षित संकेतस्थळं त्याला दारातूनच परत पाठवतात. दोष तारखेचा, शिव्या मात्र नेट कंपनीला.

आता घराकडे या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंत आली की आधी तोच दमतो. कारंजा-वाशिमच्या जुन्या वस्तीतली मातीची जाड भिंत असो की नव्या घराचा सळयांनी भरलेला स्लॅब, दोन्ही लहरी खातात. अशा घरात राउटर कुठे असतो? समोरच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. का? वायर तिथवरच पुरली म्हणून.

जोडणीवाला पाच मीटर वायर वाचवतो. घरातली पोरगी पाच वर्षं जिन्यात बसून फॉर्म भरते.

राउटर घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर हवा. हे जोडणीच्या दिवशीच ठणकावून सांगायचं असतं. नंतर कोण येतं?

विजेचंही तेच. लाईन गेली की राउटर मेला. घरात इन्व्हर्टर असतो, त्यावर पंखा असतो, टीव्ही असतो. राउटर नसतो. पंख्यापुढे या पेटीला लागणारी वीज किरकोळ आहे, हे वायरिंग करताना कुणाच्याच ध्यानात का येऊ नये?

आता तर नेट आकाशातूनही येणार म्हणतात. ५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहाचं इंटरनेट ज्या दुर्गम भागांत न्यायचं, त्यात चार जिल्ह्यांची नावं घेतली गेली : गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आपलं वाशिम. २०१८ पासून 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेले, म्हणवले जाणारे राज्यातले चार जिल्हे हेच.

येऊ द्या. मनापासून सांगतो, येऊच द्या. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांना त्याची गरज आहे. पण ते उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून गच्चीवरच्या डिशपर्यंत नेट येईल. डिशपासून कॉम्प्युटरपर्यंत?

तेच वायफाय. तीच भिंत. तेच कपाट.

आता जमिनीवरच्या तारेकडे या. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं भारतनेट झालं. आज शहरातल्या घरांतही खासगी फायबर आलं आहे. त्याच्या पेटीवर 'एलओएस' असं लिहिलेला एक बारीक दिवा असतो. जोडून देणारा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि सगळ्यात कामाचा दिवा तोच. तो लाल झाला, म्हणजे वायरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. कपाट सारताना पिवळी वायर चेपली आहे का, तेवढं पाहा. फायबर जास्त वाकलं की प्रकाश वाटेतच गळतो. वायर नीट असेल, तर तार बहुधा बाहेर तुटली आहे. तुमचा कॉम्प्युटर निर्दोष, पासवर्ड निर्दोष.

अशा वेळी राउटर बंद करून चालू केला तर काय होईल? लाल दिवा विझेल. मग पुन्हा लागेल.

बाहेरची तार तोडतं कोण? नालीसाठी, नळासाठी, रस्त्यासाठी आलेला जेसीबी. खोदण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते विचारता यावं, म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. तुमच्या गल्लीत गेल्या वेळी खड्डा खणला, तेव्हा ठेकेदाराने ते उघडलं होतं का?

नेट हा करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही. पीक विमा नेटवर, सीईटीचा अर्ज नेटवर, केवायसी नेटवर. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याची मुदत तार जोडली जाईपर्यंत थांबत नाही. तो मग तालुक्याला जातो, रांगेत उभा राहतो, फॉर्म भरायचे पैसे देतो. घरच्या जोडणीचं महिन्याचं बिल भरून वर हे पैसे! आणि बंद पडलेल्या दिवसांचं भाडं बिलातून वजा झालेलं त्याने कधी पाहिलंय?

म्हणून फोनवर "नेट चालत नाही" म्हणू नका. "एलओएस लाल आहे, वायर तपासली, मोबाइललाही नेट नाही" असं सांगा. मग बंद-चालू करायला सांगणाऱ्याकडे बोलायला काही उरत नाही. माणूस पाठवावाच लागतो.

"पाठवतो" म्हणाला, तरी फोन ठेवू नका. आधी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला तो द्यावाच लागतो. नंबर नसेल, तर तुमची तक्रार कुठे नोंदलीच गेलेली नाही. नंबर मिळूनही काम झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्या अपिलाला शुल्क नाही. सोबत लाल दिव्याचा फोटो जोडा, तारीख दिसेल असा.